भारतीय विमानदलाचे पहिले भारतीय प्रमुख : एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी

ज्युबिलीच्या स्मरणपुस्तिकेंत धर्मग्रामाच्या इतिहासाबरोबर एखाददुसऱ्या थोर पुरुषाचें चरित्रही असावें, अशी आपल्याकडे पद्धत आहे. त्या पद्धतीस अनुसरून आम्हीं या खेपेस एका सेनापतीचें चरित्र निवडलें आहे. हे सेनापति भूमीवरचे नव्हत, आकाशांतले. ते आपल्या धर्माचे नव्हते व आपल्या प्रांताचेही नव्हते. मग त्यांना येथें मानाचें पान कां, असें कोणी विचारील. त्याचें कारण आम्ही आधींच सांगून टाकतों.

आपल्या ओळखीचा एखादा मुलगा विमानदलांत दाखल झाला म्हणजे घरचीं माणसें प्रथम हेंच विचारतात कीं, हा पुढें कोठवर चढेल? वरच्या जागा कोणास मिळतात? त्यास वशिला लागतो, कीं नुसतें धाडस पुरतें? या प्रश्नांचें उत्तर नियमांच्या पुस्तकांतून देण्यापेक्षां एका माणसाच्या आयुष्यांतून द्यावें, हें आम्हांस अधिक बरें वाटलें. एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी हे विमानदलाच्या शिडीच्या अगदीं तळाशीं उभे राहिले आणि एकेक पायरी चढत माथ्यावर पोंचले. विशेष हें कीं, ज्या ज्या पायरीवर अधिकाराची जागा होती, त्या बहुतेक प्रत्येक पायरीवर त्यांच्यापूर्वीं कोणाही भारतीयाचें पाऊल पडलेलें नव्हतें.

सुब्रतो यांचा जन्म 5 मार्च 1911 रोजीं कलकत्ता येथें झाला. वडील सतीशचंद्र मुखर्जी हे इंडियन सिव्हिल सर्व्हिसमधील अधिकारी होते. आईचें नांव चारुलता. घराणें ब्राह्मसमाजी, सुविद्य आणि सुधारकी वळणाचें. मातामह डॉ. प्रसन्नकुमार रॉय हे कलकत्त्याच्या प्रेसिडेन्सी कॉलेजचे पहिले भारतीय प्रिन्सिपॉल होत. चार भावंडांत सुब्रतो हे शेंडेफळ. त्यांचें शिक्षण कलकत्त्याचें डायोसेसन स्कूल, तेथीलच लोरेटो कॉन्व्हेंट, आणि पुढें हावडा व बीरभूम येथील जिल्हा शाळा अशा निरनिराळ्या ठिकाणीं झालें. वडिलांच्या बदल्या होत, त्याप्रमाणें मुलाच्या शाळा बदलत. आपल्या धर्मभगिनींच्या शाळेंत कांहीं काळ बसलेला हा मुलगा पुढें देशाचा सेनापति होईल, हें त्या वेळीं कोणास ठाऊक असणार!

या घरांत दोन वारे एकाच वेळीं वाहत होते. थोरली बहीण रेणुका ही तरुणपणींच गांधीजींच्या चळवळींत शिरली. रेणुका राय या नांवानें ती पुढें घटनासमितीची सभासद व पश्चिम बंगालची मंत्री झाली. दुसरीकडे नात्यानें मामा लागणारे इंद्रलाल रॉय यांनीं पहिल्या महायुद्धांत इंग्लंडच्या विमानदलांत नांव मिळविलें होतें. 1918 च्या जुलै महिन्यांत अवघ्या कांहीं दिवसांत शत्रूचीं 10 विमानें पाडल्याचें श्रेय त्यांच्या नांवावर जमा झालें, आणि 22 जुलै 1918 रोजीं, वयाचीं वीस वर्षें पुरीं होण्यापूर्वींच, ते फ्रान्सच्या आकाशांत मारले गेले. त्यांच्या पश्चात् डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉस हें पदक त्यांस देण्यांत आलें. त्या वेळीं सुब्रतो सात वर्षांचे होते. मुलाच्या मनांत विमानाचें वेड केव्हां शिरलें तें सांगतां येत नाहीं. परंतु घरांत अशी स्मृति असतां तें वेड लागण्यास फार दूर जावें लागत नाहीं.

मॅट्रिक होऊन एक वर्ष प्रेसिडेन्सी कॉलेजांत काढल्यावर सुब्रतो वैद्यकीचा अभ्यास करण्याच्या हेतूनें इंग्लंडास गेले. ते तेथें असतांनाच एक नवें दार उघडलें. तोंवर भारतीयांस इंग्लंडच्या विमानदलाच्या कॉलेजांत अधिकारी होण्यासाठीं प्रवेश नव्हता. 1927 सालीं जनरल स्कीन यांच्या कमिटीचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांत भारतीय तरुणांस तोफखाना, इंजिनियर वगैरे शाखांबरोबर विमानदलाच्या शिक्षणासही घ्यावें अशी शिफारस होती. त्यानुसार परीक्षा घेण्यांत आली व निवडलेले सहा भारतीय तरुण सप्टेंबर 1930 मध्यें लिंकनशायर परगण्यांतील क्रॅनवेल कॉलेजांत दाखल झाले. त्या सहांत सुब्रतो होते. डॉक्टर होण्यास गेलेला मुलगा वैमानिक होऊन परतणार, हें आतां ठरून गेलें.

क्रॅनवेलचा क्रम दोन वर्षांचा होता. विमान उडविणें हा त्या शिक्षणाचा एक भाग. यंत्राचें ज्ञान, हवामान, दिशाशोधन, कवाईत, लेखी कामकाज आणि हाताखालच्या माणसांना वागविण्याची रीत हे बाकीचे भाग. सहांपैकीं जगत नारायण टंडन यांची उंची वैमानिकाच्या आसनास कमी पडली, म्हणून त्यांस सामग्रीखात्याकडे घेण्यांत आलें. उरलेले पांच वैमानिक : हरिश्चंद्र सरकार, सुब्रतो मुखर्जी, भूपेंद्रसिंग, ऐजाद बक्ष अवान आणि अमरजितसिंग. 8 ऑक्टोबर 1932 रोजीं भारतीय विमानदलाचा कायदा अंमलांत आला, आणि त्याच तारखेस या तरुणांस पायलट ऑफिसर हा सर्वांत खालचा हुद्दा मिळाला. म्हणजे दल आणि त्याचे अधिकारी एकाच दिवशीं जन्मले, असें म्हणावयास हरकत नाहीं.

1 एप्रिल 1933 रोजीं कराचीजवळील ड्रिग रोड येथें पहिल्या पथकाची पहिली तुकडी उभी राहिली. तिचा संसार पाहिला तर आज हंसूं येईल. चार वापिटी विमानें, पांच वैमानिक आणि यंत्रकामासाठीं 19 हवाई शिपाई. वापिटी हें दुहेरी पंखांचें, उघड्या आसनांचें, दोन माणसांचें विमान. इंग्लंडच्या विमानदलांत तें आधींच जुनें झालेलें होतें. तुकडीचे प्रमुख सेसिल बाउचर नांवाचे इंग्रज फ्लाइट लेफ्टनंट होते. त्यांनीं या भारतीय तरुणांस मनापासून शिकविलें, ही गोष्ट कृतज्ञतेनें नमूद केली पाहिजे.

पण बाहेर शंकेचें वातावरण होतें. भारतीयास यंत्राचा भरंवसा धरतां येईल काय, आकाशांत एकटा असतां त्याचें चित्त ठिकाणावर राहील काय, त्याच्या हाताखालीं विमानें व माणसें सोंपवावीं काय, असें अनेक इंग्रज अधिकारी उघड विचारीत. म्हणून त्या पांचांवर जो भार होता तो साधा नव्हता. इंग्रज वैमानिकाच्या हातून चूक झाली तर ती त्याची एकट्याची चूक. या पांचांपैकीं कोणाच्या हातून झाली तर ती सबंध देशाची नालायकी ठरण्याची भीति. आणि दुर्दैव असें कीं, पहिल्या थोड्या वर्षांतच भूपेंद्रसिंग व अमरजितसिंग हे दोघे विमान कोसळून मृत्यु पावले, आणि तिसरे एक जण सेवेंतून बाहेर पडले. क्रॅनवेलच्या पहिल्या पांच वैमानिकांपैकीं मुखर्जी व अवान हे दोघेच उरले. ज्यांच्या शेजारीं बसून जेवलों त्यांच्या चिता पाहून दुसऱ्या दिवशीं पुन्हां त्याच जातीच्या विमानांत चढावयाचें, याला जें धैर्य लागतें तें वर्तमानपत्रांत येत नाहीं. वर चढण्याची पहिली अट हीच कीं, पहिल्या तडाख्यांत पाय मागें घ्यावयाचा नाहीं.

1937 च्या सुमारास हें पथक वायव्य सरहद्दीवर वझिरिस्तानांत कामास लागलें. इपीच्या फकिरानें तेथें बंड उभारलें होतें. मीरानशाह येथें मातीच्या किल्ल्याशेजारीं धांवपट्टी होती. तेथून उठावें, ओसाड डोंगरांच्या खिंडींतून फिरावें, खालच्या लष्करी तुकड्यांना वाट दाखवावी, बातमी पोंचवावी, असा रोजचा क्रम. विमान त्या मुलुखांत खालीं उतरलें तर वैमानिकाचा जीव टोळीवाल्यांच्या मर्जीवर. म्हणून त्याच्या खिशांत एक चिठी दिलेली असे. यास सुखरूप आणून सोडणारास सरकार बक्षीस देईल, असें तीत तेथल्या भाषेंत लिहिलेलें असे. त्या चिठीच्या आधारावर माणसें उडत होतीं.

या सरहद्दीवरचा मुखर्जींचा एक प्रसंग विमानदलांत अजून सांगितला जातो. 1940 सालीं एका लष्करी चौकीस टोळीवाल्यांनीं वेढा दिला होता. वरून जातांना मुखर्जींनीं पाहिलें कीं, चौकींतील शिपायांनीं जमिनीवर कापडाच्या पट्ट्या मांडून खूण केली आहे. काडतुसें संपत आलीं, असा तिचा अर्थ होता. परत जाऊन दारूगोळा घेऊन यावें तर वेळ हातचा जाणार. तेव्हां त्यांनीं मागच्या आसनावरील गोलंदाजाकडून स्वतःच्या बंदुकीचीं काडतुसें काढविलीं, तीं पायमोज्यांत भरविलीं आणि गोळीबारांतून विमान अगदीं खालीं आणून ते मोजे चौकीवर टाकले. चौकी टिकली. या कृत्यांत धाडस आहेच. पण त्याहून अधिक कांहीं आहे. खालच्या माणसांची निकड ओळखणें, नियमांत नसलेला उपाय क्षणांत सुचणें, आणि आपल्या बचावाची बंदूक रिकामी करून दुसऱ्याची भरणें, हे अधिकारी माणसाचे गुण होत.

आतां हुद्द्यांची शिडी वाचकांपुढें मांडतों, म्हणजे पुढील वृत्तांत नीट कळेल. पायलट ऑफिसर, फ्लाइंग ऑफिसर, फ्लाइट लेफ्टनंट, स्क्वॉड्रन लीडर, विंग कमांडर, ग्रुप कॅप्टन, एअर कमोडोर, एअर व्हाइस मार्शल, एअर मार्शल आणि एअर चीफ मार्शल, असा हा क्रम. पहिल्या कांहीं पायऱ्या नोकरीचीं वर्षें व परीक्षा यांच्या बळावर चढतां येतात. त्यापुढें मात्र निवड सुरू होते, आणि जसजसें वर जावें तसतशा जागा कमी होत जातात. निवडतांना तीन गोष्टी पाहतात. पहिली, वैमानिक म्हणून हात कसा आहे. दुसरी, माणसांच्या तुकडीचें, मग पथकाचें, मग सबंध तळाचें नेतृत्व केलें आहे काय. तिसरी, कचेरींत बसून मोहीम आंखणें, सामग्रीचा हिशेब, शिक्षणाची व्यवस्था हीं कामें येतात काय. पहिल्या एकाच गोष्टीवर वर गेलेला मनुष्य पुढें अडतो. तिन्ही असतील तोच माथ्यापर्यंत जातो.

मुखर्जींनीं या तिन्ही गोष्टी क्रमानें साधल्या. 1938 सालीं ते एका फ्लाइटचे प्रमुख झाले. मार्च 1939 मध्यें पहिल्या पथकाचें आधिपत्य स्क्वॉड्रन लीडर या नात्यानें त्यांच्याकडे आलें. इंग्रज अधिकाऱ्याच्या जागीं भारतीय पथकप्रमुख बसल्याचा हा पहिलाच प्रसंग. सहा वर्षांपूर्वीं ज्या तुकडींत ते सर्वांत खालच्या हुद्द्यावर आले, तिच्यापासून वाढलेल्या पथकाचे ते धनी झाले. त्या वेळीं भारतीय विमानदल म्हणजे हें एकच पथक होतें.

त्याच 1939 सालीं त्यांचा विवाह झाला. वधू शारदा पंडित ही महाराष्ट्रीय घराण्यांतील कन्या. बंगालचा वैमानिक व महाराष्ट्राची मुलगी यांचा हा संसार सरहद्दीवरच्या छावण्यांत सुरू झाला. त्यांना एक पुत्र झाला.

दुसरें महायुद्ध पेटलें आणि दलाचें रूप पालटलें. एका पथकाचीं नऊ पथकें झालीं. या काळांत मुखर्जींच्या आयुष्यास जें वळण लागलें तें आमच्या तरुण वाचकांनीं ध्यानांत घ्यावें. 1941 सालीं पहिलें पथक त्यांच्या हातून करुणकृष्ण मजुमदार यांच्याकडे गेलें. 1942 च्या आरंभीं तेंच पथक ब्रह्मदेशांत जपान्यांशीं लढलें, मजुमदारांना पदक मिळालें, आणि त्यांचें नांव देशभर झालें. मुखर्जी त्या वेळीं कोठें होते? ते क्वेट्टा येथील स्टाफ कॉलेजांत शिकले आणि पुढें कचेरीच्या व शिक्षणाच्या कामांत गुंतले. धाकटे सहकारी कीर्ति मिळवीत असतां ज्यानें पथक घडविलें तो कागदांच्या ढिगाशीं बसला होता. मनुष्य हलका असता तर कुरकुरला असता. परंतु दल वाढावयाचें तर शेंकडों वैमानिक व हजारों कारागीर शिकवून तयार करणारा कोणी तरी पाहिजे, आणि तें काम करणारास पदक नसतें.

1943 सालीं कोहाट येथील विमानतळाचें आधिपत्य त्यांच्याकडे आलें. भारतीयानें सबंध तळ सांभाळल्याचा हाही पहिलाच प्रसंग होय. तळाचा प्रमुख म्हणजे एका लहान गांवाचा पाटील समजावा. धांवपट्टी, कारखाना, दारूगोळा, दवाखाना, स्वयंपाकघर, शिस्त, शेजारच्या लष्कराशीं व्यवहार, सारें त्याच्या माथ्यावर. तेथील काम यशस्वी करून ते मुख्य कचेरींत उड्डाणशिक्षणाचे संचालक झाले. 1945 सालीं त्यांस ओ. बी. ई. हा किताब मिळाला. त्याच वर्षीं मजुमदार लाहोर येथें विमान कोसळून निवर्तले. देशाचा एक तेजस्वी तारा गळाला, आणि ज्येष्ठ भारतीय अधिकाऱ्यांवरची जबाबदारी आणखी वाढली.

15 ऑगस्ट 1947 उजाडला. देश स्वतंत्र झाला आणि त्याच घटकेस विमानदलाची वांटणी झाली. विमानें वांटलीं, यंत्रें वांटलीं, माणसें वांटलीं. ड्रिग रोड, कोहाट, मीरानशाह हीं जेथें दल वाढलें तीं सारीं ठिकाणें सीमेपलीकडे गेलीं. पहिल्या पांचांपैकीं जे दोघे उरले होते त्यांतील अवान पाकिस्तानच्या विमानदलांत गेले. मुखर्जी येथें राहिले. चवदा वर्षें एकत्र उडालेले दोन मित्र दोन झेंड्यांखालीं उभे राहिले. दोघांपैकीं कोणाच्याही प्रामाणिकपणाविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं. पण त्या दिवशीं दोघांच्या मनास काय वाटलें असेल, याची कल्पना आपली आपणच करावी.

या वेळीं मुखर्जी 36 वर्षांचे होते, आणि भारतीय अधिकाऱ्यांत सर्वांत ज्येष्ठ होते. एअर व्हाइस मार्शल या हुद्द्यावर त्यांस उपप्रमुख नेमण्यांत आलें. प्रमुखपद मात्र त्यांस मिळालें नाहीं. स्वतंत्र देशाच्या विमानदलाचे प्रमुख आणखी साडेसहा वर्षें इंग्रजच राहिले : प्रथम सर टॉमस एल्महर्स्ट, मग सर रोनाल्ड आयव्हलॉ-चॅपमन, आणि त्यानंतर सर जेराल्ड गिब्ज. भूसेनेस 1949 च्या जानेवारींतच जनरल करिअप्पा हे भारतीय सेनापति लाभले. विमानदलास थांबावें लागलें. कारण उघड होतें. दल अवघें पंधरा वर्षांचें. त्यांतील सर्वांत ज्येष्ठ भारतीयाजवळही मोठ्या सैन्यव्यवस्थेचा अनुभव थोडा. विमानदल हें यंत्रांचें दल आहे. तेथें घाईनें दिलेल्या अधिकाराचा दंड वैमानिकांच्या प्राणांनीं भरावा लागतो.

हीं साडेसहा वर्षें हीच आमच्या मतें या चरित्रांतील खरी कसोटी. ज्यास पद मिळत नाहीं तो रुसतो, किंवा पदावरच्या माणसाचे पाय ओढतो. हें आपण लहानमोठ्या संस्थांतून पाहतोंच. मुखर्जींनीं दोन्ही केलें नाहीं. ते त्यांच्या हाताखालीं राबले आणि शिकत राहिले. 27 ऑक्टोबर 1947 रोजीं दिल्लीहून डाकोटा विमानें शीख पलटणीचे शिपाई घेऊन श्रीनगरच्या धांवपट्टीवर उतरलीं व काश्मीरचें खोरें वांचलें. पुढें 1948 च्या मे महिन्यांत मेहेरसिंग यांनीं हिमालय ओलांडून 11 हजार फुटांहून उंच असलेल्या लेह येथें विमान उतरविलें. नुकत्याच वांटल्या गेलेल्या दलानें हीं कामें केलीं, तेव्हां मुख्य कचेरींतला पहिला भारतीय अधिकारी मुखर्जी होते. यानंतर लंडनच्या इंपीरियल डिफेन्स कॉलेजांत जाऊन त्यांनीं सेनापतिपदाला लागणारें वरचें शिक्षण घेतलें. वयाच्या चाळिशीनंतर, एवढा अधिकार भोगल्यावर, पुन्हां विद्यार्थ्याच्या बांकावर बसण्यास मनाचा मोठेपणा लागतो.

1 एप्रिल 1954 रोजीं, ड्रिग रोडच्या त्या चार वापिटी विमानांच्या दिवसापासून बरोबर 21 वर्षांनीं, एअर मार्शल सुब्रतो मुखर्जी भारतीय विमानदलाचे सेनापति झाले. त्याच दिवशीं राष्ट्रपति डॉ. राजेंद्रप्रसाद यांनीं दलास मानाचें निशाण अर्पण केलें. त्या वेळीं मुखर्जींचें वय 43 वर्षें होतें. पुढील वर्षीं पदाचें नांव बदलून चीफ ऑफ दि एअर स्टाफ असें करण्यांत आलें.

या पदावर ते साडेसहा वर्षांहून अधिक काळ होते. जितकीं वर्षें वाट पाहिली जवळजवळ तितकींच वर्षें त्यांनीं राज्य केलें, असा हा योगायोग. पण तें राज्य सुखाचें नव्हे, खटाटोपाचें होतें. पंख्याच्या विमानांचें युग संपून जेट विमानांचें युग आलें होतें. जेट विमान आणावयाचें म्हणजे नुसती पैशाची थैली सोडून भागत नाहीं. धांवपट्ट्या लांबवाव्या लागतात, निराळें इंधन सांठवावें लागतें, रडारचीं ठाणीं उभारावीं लागतात, आणि जुन्या कारागिरांस नवें यंत्र पुन्हां पहिल्यापासून शिकवावें लागतें. मुखर्जींच्या कारकीर्दींत फ्रान्सकडून मिस्टेअर, इंग्लंडकडून हंटर व कॅनबेरा हीं विमानें आलीं. नॅट हें लहान लढाऊ विमान बंगलोरच्या हिंदुस्थान एअरक्राफ्टच्या कारखान्यांत परवान्यानें बांधण्याचें काम सुरू झालें. 1965 च्या युद्धांत याच विमानांनीं देशाचें आकाश राखलें. तो दिवस पाहण्यास त्यांची तयारी करणारा पुरुष मात्र जिवंत नव्हता.

मुखर्जींना खेळांची फार आवड होती. त्यांतही फुटबॉल हा त्यांचा प्राण. बंगालच्या मातीचाच तो गुण म्हणावा! शाळेंतल्या मुलांतून देशाचे खेळाडू तयार व्हावेत, असें त्यांस वाटे. शाळाशाळांच्या सामन्यांची जी स्पर्धा विमानदलाकडून 1960 सालीं सुरू झाली ती त्यांच्याच नांवानें सुब्रतो कप म्हणून आजही खेळली जाते. आपल्या शाळांच्या मैदानांवर चेंडूमागें धांवणाऱ्या कित्येक मुलांनीं त्या कपाचें नांव ऐकलें असेल. तो सुब्रतो कोण, हें त्यांस आतां कळावें.

नोव्हेंबर 1960 मध्यें ते एअर इंडियाच्या विमानानें टोकियोस गेले. प्रतापचंद्र लाल हे बरोबर होते; पुढें तेही विमानदलाचे प्रमुख झाले. 8 नोव्हेंबरच्या संध्याकाळीं एका उपाहारगृहांत मित्रासह जेवत असतां अन्नाचा घांस मुखर्जींच्या श्वासनलिकेंत अडकला. डॉक्टर येईपर्यंत प्राण गेला होता. वझिरिस्तानच्या गोळ्यांतून, वापिटीच्या उघड्या आसनांतून, मित्रांचे बळी घेणाऱ्या अपघातांतून जो वांचला, त्याचा अंत एका घांसानें व्हावा! मनुष्यानें आपल्या बळावर फार विसंबूं नये, हेंच खरें.

त्यांचा देह दिल्लीस आणण्यांत आला व संपूर्ण लष्करी इतमामानें अग्निसंस्कार झाला. त्या वेळीं आकाशांतून 49 विमानें गेलीं, त्यांच्या वयाच्या एकेका वर्षास एकेक विमान. चार विमानांच्या संसारांत ज्यानें प्रवेश केला त्यास निरोप देण्यास 49 विमानें उडूं शकलीं, याहून मोठें स्मारक कोणतें असणार! त्यांच्यामागून अस्पी इंजिनियर हे प्रमुख झाले. तेही त्याच पहिल्या पथकांतून वाढलेले.

शारदाबाईंनीं दुःख गिळून सार्वजनिक कामांत स्वतःस वाहून घेतलें. 1962 सालीं आपल्या कोंकणांतील रत्नागिरी मतदारसंघांतून त्या लोकसभेवर निवडून आल्या, 1967 सालीं पुन्हां आल्या, आणि पुढें आंध्रप्रदेश व गुजरात या राज्यांच्या राज्यपाल झाल्या. तेव्हां या घराण्याशीं आपल्या भूमीचा संबंध सुब्रतोंच्या मृत्यूनंतरही राहिला.

आतां आरंभींच्या प्रश्नाकडे वळूं. वर कोण चढतो? मुखर्जींचें घराणें सुखवस्तु व प्रतिष्ठित होतें, आणि इंग्लंडांत शिकण्याची सोय त्यांस लाभली, हें आम्ही लपवीत नाहीं. ती सोय नसती तर क्रॅनवेलचें दार त्यांना दिसलेंही नसतें. परंतु दार उघडणें निराळें आणि जिना चढणें निराळें. त्या दारांतून पांच वैमानिक आंत गेले होते. माथ्यावर एकच पोंचला. घराणें त्यांना वापिटींत सांवरूं शकलें नाहीं, कोहाटचा तळ चालवून देऊं शकलें नाहीं, आणि तीन परदेशीय प्रमुखांच्या हाताखालीं मन शांत ठेवण्यास तर त्याचा कांहींच उपयोग नव्हता. तें ज्याचें त्यानेंच करावयाचें असतें.

दुसरें असें कीं, त्यांची गति फार झपाट्याची दिसते. पायलट ऑफिसरपासून एअर मार्शलपर्यंत बावीस वर्षांहून कमी काळ. ती गति युद्धामुळें व स्वातंत्र्यामुळें आली. आजच्या तरुणानें तितक्या लवकर शिडी संपेल अशी आशा धरूं नये. आज सेनापतिपदापर्यंत जाण्यास पस्तीस-चाळीस वर्षें लागतात, आणि एका वेळीं भरती झालेल्या शेंकडोंतून तेथें एखादाच पोंचतो. मग उरलेल्यांचें आयुष्य फुकट गेलें काय? मुळींच नाहीं. भूपेंद्रसिंग व अमरजितसिंग पहिल्याच पायऱ्यांवर गेले. त्या 19 हवाई शिपायांनीं विमानांचीं यंत्रें पुसलीं नसतीं तर मुखर्जी एकदांही उडाले नसते. माथ्यावर एकाचें नांव कोरलें जातें. शिडी मात्र सर्वांच्या खांद्यांवर उभी असते.

ज्युबिली साजरी करणाऱ्या धर्मग्रामास ही गोष्ट निराळी समजावून सांगावयास नको. आपलें देवालयही एका हातानें उभें राहिलेलें नाहीं. कोणी पायाचे दगड वाहिले, कोणी घंटा वाजविली, कोणी वर्षानुवर्षें मुलांना शिकविलें. कांहींचीं नांवें भिंतींवर आहेत, पुष्कळांचीं नाहींत. आमच्या तरुणांपैकीं कोणी विमानदलांत जावो, कोणी आरमारांत, कोणी शेतांत किंवा कारखान्यांत राहो. त्यानें ज्या पायरीवर उभें राहण्याचें त्याच्या वांट्यास येईल ती पायरी निष्ठेनें सांभाळावी, आणि वरची पायरी मिळण्यास उशीर झाला तर हातचें काम सैल सोडूं नये. सुब्रतो मुखर्जींच्या चरित्रापासून आम्ही जें शिकलों तें एवढेंच, आणि तें या ज्युबिलीच्या वर्षीं वाचकांच्या हातीं देतों.